जुनी सदर्न रॉक एलपी घेताना सुई आधी लेबलाजवळ ठेवा

जुनी एलपी घेताना बहुतेक जण पहिल्या बाजूचं पहिलं गाणं लावून बघतात. ते बरं वाजलं की पैसे मोजून मोकळे होतात. पण तबकडीची बाहेरची कड सगळ्यात शेवटी खराब होते. झीज, फाटलेला आवाज, 'स' आणि 'श'ची शिसशिस हे सगळं आधी लेबलाजवळ सुरू होतं. तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेऱ्या या एकाच गतीनं फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढेच सूर निम्म्याहून कमी जागेत बसवलेले असतात. तिथली वळणं आखूड, दाटीची. जड किंवा बोथट सुई पहिला घाव तिथंच घालते.

सदर्न रॉकच्या रेकॉर्डना हे जरा जास्तच भोवतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया, फ्लोरिडा, कॅरोलिना या राज्यांतले हे बँड. ब्लूज, कंट्री आणि जॅझ यांच्या मिश्रणावर लांबलचक गिटारवादन रचायचं आणि कळस शेवटी गाठायचा ही त्यांची रीत. ऑलमन ब्रदर्स बँडचा 'अॅट फिलमोर ईस्ट' (१९७१) घ्या. दोन तबकड्या, चार बाजू, आणि चौथी अख्खी बाजू एकट्या 'व्हिपिंग पोस्ट'ची, सुमारे २३ मिनिटांची. लिनर्ड स्किनर्डच्या १९७३ च्या पहिल्या अल्बममध्ये 'फ्री बर्ड' नऊ मिनिटांचं आहे आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. त्यातला सगळ्यात वेगवान गिटारचा भाग बरोबर लेबलाला टेकलेल्या खाचांत आला आहे. ज्यासाठी रेकॉर्ड घ्यायची तोच भाग सगळ्यात आधी झिजतो. म्हणून दुकानात वाजवून बघायची सोय असेल तर सुई सरळ शेवटच्या दोन इंचांवर ठेवायला सांगा. तिथं गिटार स्वच्छ वाजली तर बाकीची बाजू ठीक असण्याची शक्यता मोठी.

कुठं शोधायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या घरांत रेकॉर्डची पेटी निघाली तर त्यात नाट्यगीतं, अभंग, हिंदी सिनेमा आणि शास्त्रीय गाणं सापडतं. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर. तेव्हा ते साहजिकच. अमेरिकन रॉक इथं बाहेरून येतं: चोर्ला घाटाखालच्या गोव्यातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून, नाहीतर ऑनलाइन विक्रेत्यांकडून. गोव्याहून एप्रिल-मे महिन्यात आणत असाल तर गाडीच्या डिकीत किंवा मागच्या काचेखाली रेकॉर्ड ठेवू नका. तबकडी पीव्हीसीची असते, साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडायला लागते, आणि उन्हात बंद गाडी त्या बेताला पोचायला वेळ लागत नाही. पायाशी, उभी, सावलीत ठेवा. जेवायला थांबलात तर बरोबर घेऊन उतरा.

वाजवता येत नसेल तेव्हा डोळ्यांनी पारख

जुन्या बाजारात प्लेअर नसतोच. एक छोटा एलईडी टॉर्च आणि दहापट भिंग खिशात असलं की काम भागतं. तबकडी कडेला आणि लेबलावर धरा, खाचांना बोटं लावू नका. टॉर्चचा उजेड तिरका पाडा.

आडवा ओरखडा, म्हणजे मधून कडेकडे गेलेला, दर फेरीला एकदा टक् करतो. एक फेरी १.८ सेकंदांची. ओरखडा दहा खाचांवरून गेला असेल तर अठरा सेकंद टकटक ऐकावी लागणार, इतका सरळ हिशोब. खाचेच्या दिशेनं वळत गेलेला ओरखडा मात्र घातक. सुई त्यात शिरते, उडी मारते किंवा तिथल्या तिथं फिरत राहते. नखाचं टोक हलकेच फिरवून बघा. नख अडकलं तर ओरखडा ऐकू येणार. उजेडात दिसतो पण नखाला लागत नाही असा केसासारखा ओरखडा बहुतेक वेळा कव्हरमधून काढताना-घालताना पडलेला असतो, आणि तो फारसा त्रास देत नाही.

त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे राखाडी झाक. चांगली तबकडी काळीभोर आणि चकचकीत असते. जड सुईनं वर्षानुवर्षं वाजलेली तबकडी जोरकस भागांत करडी दिसते, विशेषतः लेबलाजवळच्या पट्ट्यात. ही झाक धुऊन जात नाही, कारण तो मळ नाही, खाचेची भिंतच खरवडलेली असते. ओरखडा एकही नसलेली पण करडी पडलेली रेकॉर्ड घेऊ नका. चारदोन ओरखडे असलेली काळीभोर रेकॉर्ड तिच्यापेक्षा कितीतरी चांगली.

मधल्या भोकाभोवती लेबलावर पांढुरक्या रेघांचं जाळं असेल तर ती खूप वेळा, घाईघाईनं लावली गेली आहे. मग तबकडी डोळ्यांच्या पातळीत आडवी धरून कडेनं बघा. बशीसारखी वाकलेली चालून जाईल. कडेला एकाच जागी उंचवटा आलेला असेल तर सुई तिथं उडते. ती सोडून द्या.

डबल अल्बममध्ये दोन्ही तबकड्या आहेत ना, आणि दोन्हींच्या लेबलांवर एकच कॅटलॉग क्रमांक आहे ना, ते आधी बघा. इथं एक गोष्ट लक्षात असू द्या. काही अमेरिकन डबल अल्बममध्ये एका तबकडीवर बाजू १ आणि ४, तर दुसरीवर २ आणि ३ असतात. एकावर एक रेकॉर्ड ठेवून आपोआप पाडणाऱ्या जुन्या चेंजरसाठी ती रचना होती. तबकडी बदलली आहे असं समजून चांगला अल्बम परत करू नका.

विक्रेते प्रतवारी अक्षरांत सांगतात, चांगलीकडून वाईटाकडे: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड. नावावर जाऊ नका. 'गुड' म्हणजे प्रत्यक्षात सतत खरखरणारी, ओरखड्यांनी भरलेली रेकॉर्ड. ऐकण्यासाठी घ्यायची तर व्हीजी प्लसच्या खाली उतरू नका. गाण्याच्या हळुवार जागांत 'व्हीजी'ची चरचर कान सोडत नाही. फिलमोरच्या तिसऱ्या बाजूवर 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' सुरू होतं तेव्हा डिकी बेट्सची गिटार आवाजाचं बटण फिरवत शून्यातून हळूच वर येते. रेकॉर्डची पार्श्वभूमी किती शांत आहे हे तपासायला यापेक्षा चांगली जागा नाही.

कोणती आवृत्ती

पहिल्या आवृत्तीचे पैसे मागितले तर कव्हरवरचं साल पुरावा म्हणून धरू नका. १९७१ हे साल चाळीस वर्षांनी छापलेल्या कव्हरवरही असतं. लेबल आणि लेबलाभोवतीची कोरी पट्टी बघा. त्या पट्टीवर कोरलेले किंवा ठोकलेले क्रमांक असतात. ऑनलाइन घेताना चारही बाजूंच्या त्या पट्टीचा फोटो मागवा. कव्हरवर बारकोड असेल तर ती प्रत १९७० च्या दशकाच्या अगदी शेवटची किंवा त्यानंतरची.

'अॅट फिलमोर ईस्ट'ची मूळ अमेरिकन प्रत एसडी २-८०२ क्रमांकाची, कॅप्रिकॉर्न या रेकॉर्ड कंपनीच्या गुलाबी लेबलाची. तेव्हा वितरण अटलांटिककडे होतं. पुढं ते वॉर्नरकडे गेलं, आणि १९७९ मध्ये कॅप्रिकॉर्न बुडाल्यावर हे अल्बम पॉलिडोरच्या नावानं निघाले. पॉलिडोरचं नाव दिसलं की ती नंतरची आवृत्ती. ती वाईट नसते, फक्त किंमत त्याप्रमाणे असावी.

लिनर्ड स्किनर्डच्या पहिल्या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींवर 'साउंड्स ऑफ द साउथ'चं पिवळं लेबल आहे. त्यांच्या 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स'ची गोष्ट वेगळी आणि दुःखद. अल्बम १७ ऑक्टोबर १९७७ ला आला, कव्हरवर बँड ज्वाळांमध्ये उभा. तीनच दिवसांनी त्यांचं विमान मिसिसिपीत कोसळलं. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची बहीण, सहगायिका कॅसी गेन्स त्यात गेले. कंपनीनं ज्वाळांचं कव्हर मागं घेऊन काळ्या पार्श्वभूमीचं छापलं. त्यामुळं ज्वाळांच्या कव्हरला मागणी आहे, पण पुढच्या काळातल्या आवृत्त्यांवर ज्वाळा परत आल्या आहेत. ती कंपनी एमसीए; तिच्या १९७७ च्या प्रतीचं लेबल फिकट तपकिरी असतं. निळं आकाश आणि इंद्रधनुष्य असेल तर ती १९८० किंवा नंतरची. ज्वाळांचं कव्हर आणि आत निळं लेबल अशी जोडी 'ओरिजिनल' म्हणून कुणी दाखवली तर तसे पैसे देऊ नका.

कव्हरचा कोपरा कापलेला, कडेला खाच मारलेली किंवा भोक पाडलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. न खपलेला माल कंपन्या अशी खूण करून स्वस्तात काढायच्या. आतली तबकडी कित्येकदा नवी कोरी असते. फक्त ऐकायचं आहे त्यानं असल्या प्रती मुद्दाम शोधाव्यात.

पार्सलनं मागवताना

विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून कळवा. तबकडी कव्हरबाहेर काढून आतल्या पाकिटासह कव्हरच्या मागं ठेवायची. आत राहिली तर प्रवासात ती कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. आणि दोन्ही बाजूंना एलपीपेक्षा चारही कडांनी दोन सेंटिमीटर मोठे कोरुगेटेड पुठ्ठे लावायचे, म्हणजे कोपरे चेपत नाहीत. परदेशातून मागवलीत तर सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच किंमत ठरवा. पावसाळ्यात पार्सल प्लास्टिकमध्ये गुंडाळायला सांगा. आल्यावर फोडतानाचा व्हिडिओ काढा, आणि परत करायची मुदत संपण्याआधी प्रत्येक बाजूची शेवटची पाच मिनिटं ऐकून घ्या.

धुणं

नवी आणलेली जुनी रेकॉर्ड न धुता लावू नका. खाचेतली धूळ सुईखाली वाळूसारखी घासते आणि एका वाजवण्यातही कायमचं नुकसान होऊ शकतं.

एक लिटर द्रावणाचं प्रमाण: ८०० मिलि डिस्टिल्ड वॉटर, २०० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए), आणि बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांडी धुण्याच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात सीलबंद डब्यात मिळतं. आयपीए मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते खाचेत चिकटून बसतं. नळाचं पाणीही नको, आणि बोअरचं तर मुळीच नको. ते वाळलं की क्षार खाचेत राहतात आणि धुतल्यावर रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त कडकडते. आयपीए पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसजवळ किंवा देवघरात समई पेटलेली असताना करू नका.

याच द्रावणानं घरातल्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या चुकूनही पुसू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. आजोबांच्या नाट्यगीतांची रेकॉर्ड एका पुसण्यात जाईल. त्यांना नुसतं डिस्टिल्ड वॉटर, आणि लगेच कोरडं फडकं.

टेबलावर स्वच्छ टॉवेल पसरून रेकॉर्ड ठेवा. लेबलाचा व्यास दहा सेंटिमीटर असतो. त्याच मापाचं डब्याचं प्लास्टिकचं झाकण वर ठेवलं की लेबल भिजत नाही. आधी कोरड्या कार्बन फायबर ब्रशनं मोकळी धूळ काढा, नाहीतर तिचा चिखल होतो. एका बाजूला १५ ते २० मिलि द्रावण पुरतं. रंगकामाचा मऊ केसांचा एक इंची ब्रश घेऊन खाचांच्या दिशेनं चार-पाच फेऱ्या, मग उलट दिशेनं तेवढ्याच. आडवं घासू नका. एक मिनिट थांबा, पण वाळू देऊ नका. मायक्रोफायबर कापडानं टिपून घ्या. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा हेच करा. हा दुसरा भाग लोक टाळतात आणि साबणाचा थर सुईला पांढऱ्या गोळ्यासारखा चिकटतो. शेवटी भांड्यांच्या जाळीत उभी करून पंख्याखाली वाळवा. कोरड्या दिवसांत अर्धा तास पुरे, जुलैत दोन तास धरा. उन्हात ठेवू नका.

बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर द्रावण तीन मिनिटं राहू द्या आणि धुणं दोनदा करा. कव्हरवरची बुरशी मात्र ओली करायची नाही. अंगणात, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशनं झाडा आणि कव्हर सावलीत वाऱ्यावर ठेवा.

फेविकॉल ओतून, वाळल्यावर सोलून काढायचा प्रयोग करू नका. थर पातळ राहिला तर तो तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि उरलेला खाचेतच राहतो.

वाजवणं

माळ्यावरून काढलेल्या एचएमव्हीच्या पेटीवाल्या प्लेअरवर ही रेकॉर्ड लावू नका. त्यातलं सिरॅमिक काट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, जड असतं आणि सुई बहुधा दशकानुदशकं बदललेली नसते. बाहेरून नुसता आवाज येतो, आत खाच सोलली जाते. सुटकेसच्या आकाराच्या नव्या स्वस्त प्लेअरबद्दलही हेच. हलवता येणारं वजन टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, हवं. काट्रिजपैकी ऑर्टोफोन २एम रेड १.८ ग्रॅमवर, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई २ ग्रॅमवर चालतं. छोटा डिजिटल काटा वापरून दाब मोजा, टोनआर्मवरच्या आकड्यावर विसंबू नका. दाब फार कमी ठेवला तर रेकॉर्ड वाचते असा समज आहे, तो चुकीचा. हलकी सुई जोरकस जागी खाचेत आपटते आणि जास्त इजा करते. साध्या एलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईचं आयुष्य सुमारे ३०० तास. रोज एक डबल अल्बम ऐकणाऱ्यानं सात-आठ महिन्यांत सुई बदलावी.

अमेरिकेहून टर्नटेबल आणलं असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ते नीट चालेलच असं नाही. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचं फिरणं विजेच्या आवर्तनावर असतं. तिकडं ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. ३३ १/३ च्या जागी ते २७.८ नं फिरेल आणि ड्युएन ऑलमनची स्लाइड गिटार सुमारे तीन अर्ध्या सुरांनी खाली उतरेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. गती तपासायला स्ट्रोब चकतीवरचं (तबकडीवर ठेवायच्या रेघांच्या चकतीवरचं) ५० हर्ट्झचं वर्तुळ, १८० रेघांचं, बघा. ते चोकवाल्या ट्यूबलाइटखाली स्थिर दिसायला हवं. बऱ्याच एलईडी दिव्यांत पुरेशी लुकलुक नसते, म्हणून त्यांच्याखाली फसायला होतं.

गुंईऽऽ असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंग वायर अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली आहे का बघा. फक्त उजव्या किंवा फक्त डाव्या बाजूनं आवाज फाटत असेल तर आधी काट्रिज आणि टोनआर्मचं अँटिस्केटिंग (दांडा मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) तपासा, आणि दुसऱ्या चांगल्या रेकॉर्डवर खात्री करा. तिथं दोन्ही बाजू नीट वाजल्या तर झीज रेकॉर्डची आहे, आणि त्यावर उपाय नाही.

ठेवणं

जुनं कागदी पाकीट फेकू नका, पण तबकडी त्यात ठेवू नका. पॉलिथिनचं अस्तर असलेलं नवं पाकीट घ्या. बाहेरून जाड, काचेसारखं पीव्हीसी कव्हर चढवलेलं असेल तर ते लगेच काढा. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी तबकडीवर धुक्यासारखा थर येतो आणि तो धुतला तरी जात नाही. पॉलिप्रॉपिलिनचं पातळ कव्हर वापरा.

रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, ना दाटीनं ना तिरक्या. अथणीकडं प्रश्न उन्हाचा, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला आणि पत्र्याखाली नकोत. बेळगाव-खानापूर पट्ट्यात प्रश्न ओलीचा. कपाट भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवा, नाहीतर जूनपासून गणपतीपर्यंत भिंतीची ओल थेट कव्हरच्या पुठ्ठ्यात चढते. पन्नासेक रेकॉर्डच्या बंद कपाटात निळ्या सिलिका जेलच्या १०० ग्रॅमच्या चार पिशव्या ठेवा. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर, निळे होईपर्यंत परता. तो तवा परत स्वयंपाकाला वापरू नका. डांबरगोळ्या नकोत, वास पुठ्ठ्यात मुरतो. कसर कव्हरच्या शिवणीतली खळ खाते, म्हणून दर दोन महिन्यांनी प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढून कणा आणि आतली घडी बघा. गेटफोल्ड, म्हणजे पुस्तकासारखं उघडणारं, कव्हर त्या वेळी पूर्ण उघडा, कारण कसर आणि बुरशी दोन्ही आधी त्या मधल्या घडीत धरतात.